वेड घेऊन पेडगावला कोण गेलं?

इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्या कुणालाही विचारा. ‘हॅम्लेटचं वेड खरं की सोंग?’ हा प्रश्न त्यानं किंवा तिनं एकदा तरी सोडवलेला असतो. गाइडमध्ये दोन्ही बाजूंचे मुद्दे तयार मिळतात. खरं असण्याचे पाच, सोंग असण्याचे पाच. शेवटी ‘सुरुवात सोंगानं झाली, पण पुढे त्याचा तोल सुटला’ असं लिहिलं की मार्क पदरात.

माझं म्हणणं आहे की हा प्रश्न अभ्यासक्रमातून काढून टाकावा. तो घासून गुळगुळीत झालाय हे माझं कारण नाही. तो सोडवताना आपण एका विशिष्ट खुर्चीत जाऊन बसतो, हे आहे. ती खुर्ची तपासनिसाची आहे, म्हणजे समोरच्याचं दुखणं खरं की खोटं हे ठरवणाऱ्याची. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये या खुर्चीला फार मान होता. नाटकवाल्यांनी ती उचलून रंगमंचावर आणली, प्रेक्षकांना तिच्यात बसवलं, आणि आपण अजून तिच्यावरून उठायला तयार नाही.

मी शेक्सपिअर आणि त्याच्या समकालीनांच्या नाटकांतल्या अपंगत्वावर आणि न्यूरोडायव्हर्सिटीवर अभ्यास करते. (‘दिव्यांग’ हा शब्द मी वापरत नाही. सगळ्यांच्या शरीरात दिव्य असं काही नसतं, आमच्याही नसतं.) विषय सांगितला की दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, ‘तेव्हा कुठे होता ऑटिझम? आजच्या फॅशन जुन्या पुस्तकांवर लादू नका.’ दुसरी म्हणतात, ‘वा! म्हणजे हॅम्लेटला एडीएचडी होता का?’ पहिल्यांचा मला राग येतो आणि दुसऱ्यांची काळजी वाटते. दोघांशीही भांडायचं आहे, म्हणून हा लेख.

वीस पेन्स मोजून दाखव

पहिल्यांचं एक म्हणणं खरं आहे. शब्द तेव्हा नव्हते. लिओ कॅनरनं मुलांमधल्या ऑटिझमचं वर्णन केलं १९४३ मध्ये. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द तर १९९० च्या दशकाच्या शेवटी रूढ व्हायला लागला. मेंदूंचे अनेक प्रकार असतात, त्यातला एकच ‘बरोबर’ आणि बाकीचे बिघडलेले असं नसतं, एवढा त्याचा साधा अर्थ. तोतरेपणही आता या छत्रीखाली मोजणारे बरेच आहेत.

पण शब्द नव्हता म्हणजे गोष्ट नव्हती, असं कसं? इंग्लंडच्या कायद्यात मध्ययुगापासून दोन वेगळे वर्ग होते. एक ‘इडियट’, म्हणजे जन्मापासून समज कमी असलेला. तेव्हा ही शिवी नव्हती, कायद्याची संज्ञा होती. दुसरा ‘लुनॅटिक’, म्हणजे मधे वेड लागलेला, कदाचित पुन्हा शुद्धीवर येणारा. हा फरक डॉक्टरांच्या कुतूहलापोटी केलेला नव्हता, तो जमिनीसाठी होता. लुनॅटिकची जमीन राजा सांभाळायचा, पण उत्पन्न त्या माणसासाठी राखून ठेवावं लागे. इडियटच्या जमिनीचं उत्पन्न मात्र त्याच्या पोटापाण्याचा खर्च वजा जाता थेट राजाच्या खिशात. १५४० मध्ये त्यासाठी खास कोर्ट उभं राहिलं, ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’. दरबारातली माणसं तिथं अर्ज करून एखाद्या श्रीमंत ‘खुळ्या’चं पालकत्व मागून घ्यायची. इंग्रजीत त्यासाठी ‘खुळा मागून घेणं’ अशा अर्थाचा वाक्प्रचारच पडला आणि नाटकांमधून त्याच्यावर विनोद झाले.

मग कोण इडियट आणि कोण नाही, हे कसं ठरवायचं? त्या काळात वकिलांच्या हाताशी असलेल्या, १५३४ च्या एका कायदेग्रंथात कसोटी दिली आहे. ज्याला वीस पेन्स मोजता येत नाहीत, आईबाप कोण ते सांगता येत नाही, स्वतःचं वय सांगता येत नाही, तो जन्माचा खुळा. चौकशीला बारा जणांची ज्युरी बसायची. तिच्यापुढे तुम्ही उभे, समोर नाणी. मोजा.

ज्यांना वाटतं की मेंदूंची वर्गवारी करणं हे आजचं खूळ आहे, त्यांनी या माणसाच्या जागी क्षणभर उभं राहावं. त्याच्याकडे ‘ऑटिझम’ हा शब्द नव्हता, ‘डिसकॅलक्युलिया’ हा शब्द नव्हता. पण परीक्षा होती, परीक्षक होते, आणि निकालावर कुणाचा तरी फायदा ठरत होता. मग त्याच्याबद्दल बोलणं म्हणजे जुन्या काळावर आजची फॅशन लादणं कसं?

उडी मार, नाहीतर फटके

आता रंगमंचावर येऊ. शेक्सपिअरचं ‘हेन्री सहावा’, भाग दुसरा. नाटक १५९० च्या आसपासचं. त्यात सिंपकॉक्स नावाचा एक गरीब माणूस राजासमोर आणला जातो. तो म्हणतो की मी जन्मांध होतो, देवस्थानात चमत्कार झाला आणि मला दिसायला लागलं. पायानं तो अजूनही लंगडा आहे. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर त्याला कपड्यांचे रंग विचारतो. सिंपकॉक्स रंगांची नावं पटापट सांगतो. इथंच पकडला जातो, कारण आताच ज्याला दिसायला लागलं त्याला लाल कशाला म्हणतात हे कसं कळेल? मग पायाची परीक्षा. एक स्टूल आणवलं जातं, चाबूकवाला बोलावला जातो. फटका बसताच सिंपकॉक्स स्टूलवरून उडी मारून पळत सुटतो. लोक चमत्कार, चमत्कार म्हणून ओरडतात. राणीला हसू आवरत नाही.

वर्गात हा प्रसंग ‘ग्लॉस्टरच्या चातुर्याचा नमुना’ म्हणून शिकवला जातो. सिंपकॉक्सची बायको जाता जाता सांगते की आम्ही हे गरजेपोटी केलं. तिचं ते एक वाक्य. त्यावर कुणी काही बोलत नाही, दोघांना गावोगावी फटके मारत नेण्याचा हुकूम सुटतो. शेक्सपिअरनं ते वाक्य लिहिलंय, हे त्याचं मोठेपण. आपण ते वाक्य शिकवत नाही, हे आपलं काय आहे?

हा प्रसंग हवेतून आलेला नाही. १५६० च्या दशकात थॉमस हार्मन नावाच्या केंटमधल्या एका जमीनदारानं भामट्या भिकाऱ्यांचे प्रकार सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यातला निकोलस जेनिंग्ज हा गाजलेला भामटा तोंडात साबण धरून फेस काढायचा आणि फेफरं आल्याचं सोंग करायचा. हार्मननं त्याच्या पाळतीवर माणसं लावली. ‘बेडलम’च्या म्हणजे बेथलेम वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आल्याची बतावणी करणारे भिकारीही त्या पुस्तकात आहेत. पुस्तक खपलं आणि त्याची नक्कल करणारी आणखी पुस्तकं आली. पुढे १६०१ च्या गरिबांच्या कायद्यानं मदत कुणाला आणि चाबूक कुणाला हे ठरवताना हीच विभागणी वापरली: खरोखर असमर्थ असलेले एका बाजूला, धडधाकट भिकारी दुसऱ्या बाजूला.

भामटे होते, यात शंका नाही. पण परिणाम बघा. एकदा का समाजाला सोंग ओळखण्याची चटक लागली, की ज्याला खरोखर फेफरं येतं त्याच्याही तोंडात लोक साबण शोधायला लागतात. ‘किंग लिअर’मध्ये एडगर जीव वाचवण्यासाठी बेडलमचा भिकारी होतो. ‘द चेंजलिंग’मध्ये (मिडलटन आणि राउली, १६२२) दोन तरुण एका खाजगी वेड्यांच्या इस्पितळात शिरतात, एक जन्माचा खुळा बनून आणि एक वेडा बनून, कारण त्यांना मालकाच्या बायकोला पटवायचं आहे. तिथला रखवालदार नव्या खुळ्याला आकडेमोडीचे प्रश्न विचारतो. वीस पेन्सची कसोटी, पण हसण्यासाठी. आणि त्याच इस्पितळातले खरे वेडे? त्यांची तालीम घेतली जाते ती एका लग्नात नाच करून दाखवण्यासाठी. नाटकाचं कथानक सगळं सोंग घेणाऱ्यांचं. ज्यांना सोंग उतरवून घरी जाता येत नाही ते पडद्यामागून आवाज देतात.

मराठीत आपण म्हणतो, वेड घेऊन पेडगावला जाणं. या नाटकांमधून जो तो पेडगावला निघालेला आहे: हॅम्लेट, एडगर, हे दोन तरुण. मला उत्सुकता आहे ती पेडगावात कायम राहणाऱ्यांची.

जॅक मिलरला नाटक कंपनीत जायचं होतं

त्यातल्या एकाचं नाव आपल्याला माहीत आहे. रॉबर्ट आर्मिन हा शेक्सपिअरच्या कंपनीतला विनोदी नट. साधारण १६०० पासून कंपनीतली विदूषकाची कामं त्याच्याकडे आली. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधला फेस्टे आणि ‘लिअर’मधला फूल त्यानंच केले असं अभ्यासक मानतात. त्याच १६०० साली त्यानं एक छोटं पुस्तक छापलं, ‘फूल अपॉन फूल’. त्यात सहा खऱ्या माणसांची शब्दचित्रं आहेत. सहाही जण ‘नॅचरल फूल’, म्हणजे जन्माचे खुळे. आठव्या हेन्रीच्या दरबारातला विल सॉमर्स त्यात आहे, लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटलमधला जॉन आहे, आणि जॅक मिलर आहे.

जॅक मिलर तोतरा होता. प आणि ब ही अक्षरं त्याच्या तोंडून सुटायची नाहीत. त्यामुळे लोक त्याला मुद्दाम प-ब असलेली गाणी म्हणायला लावत आणि हसून हसून मुरकुंडी वळे. आर्मिन हे मजेत सांगतो.

पण तो आणखी एक गोष्ट सांगून जातो. जॅकला नाटकवाले फार आवडायचे. एकदा एक कंपनी गावात खेळ करून निघाली. जॅक त्यांच्यामागे जाणार हे घरच्यांना माहीत होतं, म्हणून त्याला कोंडून ठेवलं. खिडकीतून त्याला दिसलं की नट नदीपलीकडे चाललेत. थंडीचे दिवस, नदीवर बर्फाचा पातळ थर. जॅक खिडकीतून बाहेर पडला आणि त्या बर्फावरून चालत पलीकडे गेला. बर्फ इतका कच्चा होता की नंतर त्यावर वीट फेकली तर ती आरपार गेली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. मीही तोतरी बोलते. माझी अक्षरं क आणि त आहेत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला दर वर्षी झाड नाहीतर गर्दी मिळायची. नाटकाच्या मागे बर्फावरून चालत जाणारा माणूस मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढे काय झालं? जॅकला कंपनीत घेतलं नाही. आर्मिन मात्र अशा माणसांचं बोलणं, चालणं, हसणं बारकाईनं टिपत राहिला, आणि ते त्याच्या धंद्याचं भांडवल झालं. ‘टू मेड्स ऑफ मोअरक्लॅक’ (छापील प्रत १६०९) या स्वतःच्या नाटकात ख्राइस्ट्स हॉस्पिटलच्या जॉनची भूमिका त्यानं स्वतः केली. नक्कल कंपनीत आली आणि माणूस नदीकाठी राहिला.

आर्मिन दुष्ट होता असं मी म्हणत नाही. त्यानं लिहिलं नसतं तर जॅकचं नावही उरलं नसतं. पण आपण चारशे वर्षं आर्मिनच्या कौशल्याचं कौतुक करतो आहोत. ‘शहाणा विदूषक’ या विषयावर प्रबंध लिहितो. ज्यांच्याकडून ते कौशल्य उचललं त्या सहा जणांना तळटीप पुरते. अपंगत्वाचा अभ्यास म्हणजे माझ्या मते एवढंच: तळटीप वर आणणं.

हॅम्लेटला गोळी देऊ नका

आता दुसऱ्या पक्षाकडे. हे माझ्या वयाचे, माझ्याच बाजूचे लोक. रील बनवतात: ‘ऑफिलियाला कोणता डिसऑर्डर होता?’ ‘हॅम्लेटच्या एडीएचडीची सात लक्षणं.’ हेतू चांगला असतो. ज्याला स्वतःचं नाव उशिरा सापडलं, त्याला आपल्यासारखं कुणीतरी जुन्या पुस्तकात सापडावं असं वाटणं मी समजू शकते.

तरीही माझा विरोध आहे, आणि कारण वर सांगितलेलंच आहे. लक्षणांची यादी घेऊन हॅम्लेटसमोर बसणं म्हणजे पुन्हा तीच खुर्ची. हॅम्लेटला मेंदू नाही, शब्द आहेत. त्याचं निदान चुकलं काय, बरोबर आलं काय, कुणाचं काही बिघडत नाही. पण या खेळात एक गोष्ट पक्की होत जाते: माणूस पाहिला की आधी त्याची तपासणी करायची.

त्याऐवजी नाटकाला दुसरे प्रश्न विचारता येतात. एल्सिनोरमध्ये हॅम्लेटवर पाळत कोण ठेवतं? त्याला वेडा ठरवण्यात कुणाचा फायदा आहे? क्लॉडियसला तो वेडा आहे की नाही यात रस नाही. त्याला देशाबाहेर पाठवायला कारण हवं आहे. ऑफिलिया खरंच कोसळते तेव्हा तिच्याभोवतीची माणसं तिचं ऐकतात की तिच्या बोलण्यातून आपल्याला हवे ते अर्थ काढतात? हे प्रश्न विचारले की नाटक उघडतं. ऑटिस्टिक असल्याचं जाहीरपणे सांगणाऱ्या सोन्या फ्रीमन लॉफ्टिससारख्या शेक्सपिअर-अभ्यासक या दिशेनं लिहीत आहेत.

रिचर्डचा खांदा

आणि हो, तिसरा रिचर्ड. त्याच्याशिवाय हा विषय संपत नाही. शेक्सपिअरनं त्याला कुबड दिलं, वाळलेला हात दिला, लंगडी चाल दिली, आणि या सगळ्याला त्याच्या काळजाशी जोडलं. २०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका कार पार्कखाली खऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा एका बाजूला वळलेला होता, म्हणजे स्कोलिओसिस होता. पण हात वाळलेला नव्हता, लंगडण्याचं कारण नव्हतं, आणि नीट शिवलेल्या कपड्यांत तो बाकही फारसा दिसला नसता, असं तपासणाऱ्यांनी लिहिलं. १४८५ मध्ये त्याला मारून गादीवर आलेल्या घराण्याच्या छत्राखाली शेक्सपिअरला लिहायचं होतं. थोडा वाकलेला कणा मग हळूहळू राक्षस झाला.

गंमत म्हणजे शेक्सपिअर लिहीत होता तेव्हा इंग्लंडचा कारभार हाकणारा एक मंत्री, रॉबर्ट सेसिल, स्वतः बुटका आणि पाठीत बाक असलेला होता. फ्रान्सिस बेकन हा त्याचा मावसभाऊ. बेकननं १६१२ मध्ये शरीराच्या व्यंगावर छोटा निबंध लिहिला. तो सेसिलला उद्देशून आहे असं तेव्हाच बोललं गेलं. त्या निबंधात बेकन म्हणतो की व्यंगाकडे स्वभावाची खूण म्हणून न बघता कारण म्हणून बघावं. लोकांच्या तुच्छतेमुळे माणूस कसा घडतो, हे त्याला दिसत होतं. म्हणजे त्या काळातही वेगळा विचार करता येत होता. ‘काळच तसा होता’ ही पळवाट चालणार नाही.

रॉयल शेक्सपिअर कंपनीत अपंग नटाला रिचर्डची भूमिका पहिल्यांदा मिळाली ती २०२२ मध्ये, आर्थर ह्यूजला. चारशे वर्षं धडधाकट नट पाठीला उशी बांधून वाहवा मिळवत होते. जॅक मिलर अजून नदीकाठीच होता.

मग आपलं काय?

हे सगळं इंग्लंडचं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर एक सांगते. काही वर्षांपूर्वी मी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी एका इस्पितळात गेले. समोरच्यांनी एक परिच्छेद वाचायला दिला. तोतरेपणाचं असं असतं की ते दिवसावर, माणसावर, आवाजाच्या पट्टीवर अवलंबून असतं. छापील मजकूर कधी कधी सरळ वाचून होतो. त्या दिवशी झाला. ‘तुम्हाला तर काहीच नाही,’ ते म्हणाले. मग स्वतःचं नाव सांगताना मी अडकले, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मी हार्मनच्या पुस्तकात वाचली होती. साबण कुठे आहे?

२०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे. आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. माणूस किती टक्के अडखळतो, हे मोजायचं कसं? ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ टक्क्याकडे बघून कुणाला बाद करता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे तपासा. त्याच वर्षी जुलैमध्ये एका हिंदी चित्रपटाच्या निमित्तानं त्याच न्यायालयानं अपंगत्वाबद्दल समज वाढवणारा विनोद आणि अपंग माणसाला कमी लेखणारा विनोद यांत फरक केला. सिंपकॉक्सच्या स्टूलपासून हे अंतर कापायला चार शतकं लागली. आपले स्टँड-अप आणि कॉमेडी शो अजून जॅक मिलरला प-ब ची गाणी म्हणायला लावतात, आणि आपण हसतो, फॉरवर्ड करतो.

खोटी प्रमाणपत्रं घेणाऱ्यांचं काय, असं कुणी विचारेलच. त्यांना पकडा, शिक्षा करा. पण दहा भामटे सापडावेत म्हणून प्रत्येकाला स्टूलवरून उडी मारायला लावणारी व्यवस्था न्याय्य आहे, हे मला कुणी पटवून द्यावं.

विद्यापीठांकडे माझी मागणी छोटी आहे. ‘हॅम्लेटचं वेड खरं की सोंग?’ हा प्रश्न काढा आणि त्या जागी विचारा: ‘हॅम्लेट वेडा आहे हे ठरवण्याचा अधिकार नाटकात कुणाकुणाकडे आहे, आणि ते तो कसा वापरतात?’ ‘फूल अपॉन फूल’मधली जॅक मिलरची दोन पानं ‘किंग लिअर’सोबत वाचायला द्या. सिंपकॉक्सच्या बायकोच्या त्या एका वाक्यावर पाच मार्कांचा प्रश्न ठेवा. आणि कॉलेजच्या एकांकिकेत वेडा, तोतरा, लंगडा असं पात्र असेल तर नक्कल चांगली कोण करतं हे बघण्याआधी, खिडकीतून तालमीकडे बघत कोण उभं आहे, ते बघा. त्याला आत बोलवा. संवाद म्हणायला त्याला वेळ लागेल. लागू द्या.